अर्धा आटा

"संगणक पुन्हा बंद पडला," गाडीतून उतरत सर्वेक्षक म्हणाला.

गॅरेज सांभाळणाऱ्या तिच्या हातातला पाना हातातच राहिला. या वेळी तो बंद पडणं शक्य नव्हतं.

गाडी रस्ते तपासणाऱ्या कंपनीची होती. चालकाशेजारी बसवलेला संगणक वाटेतला खड्डा न् खड्डा नोंदवून ठेवायचा. पण इंजिन सुरू करताना मुख्य बॅटरीचं व्होल्टेज क्षणभर खाली येतं, आणि तेवढ्यात संगणक मान टाकतो. म्हणून आठ महिन्यांपूर्वी तिनेच मागच्या सीटखाली दुसरी बॅटरी बसवली होती. संगणकासाठी वेगळी. काम चोख झालं होतं, एक नट सोडून.

तो नट अर्धा आटा सैल राहिला होता. पहिल्यांदा चुकून. खराब रस्त्यांवर धक्के खाऊन तो तीन आठवड्यांत निसटला, संगणक बंद पडला आणि सर्वेक्षक परत आला. दोन तास बाकावर बसला. कुठल्या वळणावर कुत्री गाडीमागे लागतात आणि कुठला रस्ता इतका गुळगुळीत आहे की मोजता मोजता डुलकी लागते, ते त्याने सांगितलं. त्या दिवशी ती वडिलांच्या लक्षात येईल इतकी हसली.

दुसऱ्यांदा ती चूक नव्हती.

बॅटरीच्या टोकांवरच्या नटांना तिने कधी हात लावला नाही. तिथे ठिणगी उडते. संगणकाकडे जाणाऱ्या बारीक वायरीचा नट तेवढा ती सैल ठेवायची. फार तर संगणक बंद पडला असता. अर्धा आटा म्हणजे तीन आठवडे. पाव आटा म्हणजे दीड महिना. पाव आटा तिने एकदाच ठेवून पाहिला.

वडील गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसत. हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी पाना लेकीच्या हवाली केला होता. जीभ मात्र स्वतःकडे ठेवली होती.

"काय गं, पस्तीस वर्षांत माझ्या हातची गाडी त्याच दुखण्यासाठी परत आली नाही. ही तर माहेरपणाला आल्यासारखी येते."

"रस्ते वाईट आहेत, बाबा."

"हो, रस्तेच असणार."

तिची चाळिशी उलटली होती. सर्वेक्षकाच्या घरी वाट पाहणारं कुणी नव्हतं. हे त्याने दुसऱ्याच खेपेला, कुणी विचारलं नसताना सांगितलं होतं. त्यापुढे दोघांपैकी कुणीच गेलं नव्हतं.

गेल्या खेपेला तो बाकावर बसला असताना त्याचा फोन वाजला. पलीकडचा साहेब इतक्या मोठ्याने बोलत होता की तिला शब्दन् शब्द ऐकू आला. अठरा किलोमीटरची नोंद गेली होती. गाडीत झोपा काढता का? असं चालणार असेल तर दुसरा माणूस बघतो.

"हो साहेब. परत जातो, परत मोजतो," तो म्हणाला. फोन खिशात ठेवून तिच्याकडे पाहून हसला. "चालायचंच."

त्या दिवशी तिने नट पुरता आवळला. खाली नवा वॉशर घातला.

"आता नाही बंद पडायचा," ती म्हणाली.

"बरं," तो म्हणाला, आणि नेहमीपेक्षा जरा सावकाश गाडीत बसला.

त्याला पाच आठवडे झाले. आवाजावरून इंजिन ओळखणारी ती, पाच आठवडे रोज चुकत राहिली. कोपऱ्यावर कुठलीही गाडी हळू झाली की तिची मान वर व्हायची.

आणि आज तो समोर उभा होता.

"लवकर होईल का?" त्याने विचारलं. "इथले रस्ते संपले. परवा पार राज्याच्या दुसऱ्या टोकाला जायचंय. परत या बाजूला पाठवतील असं वाटत नाही."

"बघते," ती म्हणाली.

तिने मागची सीट उचलली. नट आवळल्यावर त्यावरून खालच्या पट्टीपर्यंत ती लाल रंगाची बारीक रेघ ओढायची. नट केसभर हलला तरी रेघ तुटते. रेघ अखंड होती. बॅटरी भरलेली होती. वायरी जागच्या जागी होत्या.

मग तिने फ्यूजच्या डबीचं झाकण उघडलं. डबी रिकामी होती.

जळलेला फ्यूज काळा पडून जागेवरच राहतो. उठून चालू लागत नाही.

"फ्यूज कुठाय?"

"पडला असेल."

"झाकण लावून?"

दारात वडील खाकरले. मग त्यांना आतलं काहीतरी काम आठवलं आणि ते खुर्ची तिथेच सोडून आत गेले.

सर्वेक्षकाने शर्टाच्या खिशात हात घातला आणि फ्यूज तिच्या तळहातावर ठेवला. तिने तो उजेडाकडे धरला. आतली तार धडधाकट होती.

तिने बराच वेळ तो खाली केला नाही. खाली केला असता तर त्याच्याकडे बघावं लागलं असतं.

"तुमच्या नोंदी गेल्या ना," ती म्हणाली, "त्याबद्दल मला एक सांगायचंय. तुम्हाला बोलणी बसली ती..."

"अहो, मी दहा वर्षं गाडीतच काढलीत," तो म्हणाला. "पाना माझ्याकडेही आहे. दर वेळी इथे यायच्या आधी सीट उचलून बघत होतो."

ती वळली.

"मला एवढंच सांगा," तो म्हणाला, "गेल्या वेळी नट पुरता का आवळलात?"