दहा आरे

मागच्या डाव्या चाकावर तीन चरे. पुढच्या डाव्यावर पाच. मागच्या उजव्यावर अकरा. पुढच्या उजव्यावर उन्नतीने खडूने खुणा करत मोजले तेव्हा एकवीस भरले, आणि रिमच्या कडेला नखाएवढा एक टवका उडालेला, तो वेगळाच.

"मोजून काय करून राहिली वं? मीटर हाय का ते?" ओसरीवरच्या खुर्चीतून तिचे बाबा, प्रेमानंद, म्हणाले. नोकरीभर त्यांनी लोकांच्या घरचे विजेचे मीटर तपासले होते. "तुह्याच हातचं काम हाय. घास आता मुकाट्यानं."

उन्नती घासू लागली. उन्हाळ्यात ती मैदानावर गाडी शिकली, तेव्हापासून चाकांवरचा प्रत्येक चरा तिच्याच नावावर लागत होता. दिवाळीत तर बाबांनी किल्लीच काढून घेतली. ती आता त्यांच्या शर्टाच्या खिशात असे. उद्या सकाळी त्यांना भंडाऱ्याला जायचं होतं, दीक्षाताईला आणि तिच्या सव्वा महिन्याच्या मुलीला माहेरी आणायला. नात पहिल्यांदा आजोबांच्या गाडीत बसणार, म्हणून चारही चाकं चकचकीत हवी होती. बाहेरून करून घेणं परवडत नव्हतं, म्हणून घरच्या अंगणात.

"बाबा, उद्या मी चालवू?" तिने सकाळी विचारलं होतं.

"भंडारा रोडवर? तुह्या हाती?" ते हसले होते. "लेकरू राहीन वं गाडीत."

ते वाक्य तिला दिवसभर टोचत होतं. ती घासायची, उठायची, हात धुवायची, पुन्हा बसायची. लकडगंजहून आणलेला पॉलिश पेपर मऊ पडला होता. ताईच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका तिने टायर आणि रिमच्या फटीत ओळीने खोचल्या होत्या, रबराला रंग लागू नये म्हणून. तीन चाकं झाली. चंदेरी स्प्रे त्यांच्यावर नीट बसला. उरलं पुढचं उजवं. ते काढून तिने पाण्याच्या ड्रमला टेकवून उभं केलं, शेजारी नळी सोडली आणि ओल्या पेपरने तो टवका घासायला घेतला.

बाकीच्या चाकांवरून राखाडी पाणी ओघळलं होतं. इथे पिवळं ओघळलं.

तिने एक पत्रिका उलटी करून तिच्या कोऱ्या बाजूवर ते पुसून पाहिलं. पिवळा रंग होता. त्याला लागून काळा.

गल्लीत असं रंगवलेलं काहीच नव्हतं. मोठ्या रस्त्यावरचे दुभाजक मात्र याच महिन्यात काळ्या-पिवळ्या पट्ट्यांनी रंगवले होते. दुभाजक गाडीच्या उजवीकडे असतो. आणि दिवाळीनंतर तिने गाडीला हात लावलेला नव्हता.

उन्नतीला एकदम हसू आलं. तिने नळी तशीच वाहती सोडली, पत्रिका उचलली आणि ओसरीच्या पायऱ्या चढून ती बाबांच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली. आता बोलायचं फक्त राहिलं होतं.

"उन्नती!" बाबा अंगणाकडे तोंड करून ओरडले. "कुठं गेली वं? पाणी वाहून राहिलं न सारं!"

ती त्यांच्यापासून हातभर अंतरावर होती.

तिने पत्रिका पाठीमागे कमरेत खोचली. मग दोन पावलं पुढे टाकली, तेव्हा ते दचकले.

"भुतावानी येतं का कोनी!"

"बाबा, जरा खाली या. चाक पाहून द्या."

"आता माह्यानं काय होते?"

"या न तुमी."

तिने त्यांना चाकासमोर पाटावर बसवलं. चाकाच्या मधलं गोल टोपण आणि त्यांचं नाक यांत वीतभर अंतर ठेवलं. कॉलेजात डोळे तपासायच्या प्रॅक्टिकलला करायची तसा बोटाच्या टोकाला चिकटपट्टीचा पांढरा तुकडा गुंडाळला.

"एक डोळा झाका. नजर मधल्या टोपणावरच ठेवायची, हलवायची नाही. पट्टी दिसली की हो म्हणा."

"असं पॉलिश तपासतेत का तुह्या कॉलेजात?" ते हसले, पण त्यांनी उजवा डोळा झाकला. चाकाला दहा आरे होते. ती क्रम मोडून एकेका आऱ्याच्या टोकाशी बोट धरत गेली.

"हो. हो. हो. पाहा, सारं दिसून राहिलं मले. हो."

"आता डावा झाका."

"हो," ते म्हणाले. "हो." मग गप्प झाले. मग आणखी एकदा हो. पुन्हा शांतता. नळीचं पाणी दाराकडे वाहत होतं.

"थांबली काहून?"

तिचं बोट उजवीकडच्या आऱ्यावर होतं.

"थांबली नाही, बाबा."

डोळ्यावरचा हात त्यांनी लगेच काढला नाही. राहिलेले आरेही तिने पूर्ण केले. मग त्यांनी हात खाली घेतला आणि कधी नव्हे ते हळू आवाजात विचारलं, "किती?"

"डाव्यानं दहापैकी दहा. उजव्यानं चार."

तिने पाठीमागची पत्रिका काढून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी तो काळा-पिवळा डाग पाहिला, चाकावरच्या खडूच्या खुणा पाहिल्या.

"एका रीडिंगवर मीटर बाद करत नसतेत," ते म्हणाले. "पुन्हा घे. आता उलट्या बाजूनं घे."

शर्टाच्या खिशातली किल्ली काढून त्यांनी तिच्याजवळच्या विटेवर ठेवली. डावा डोळा तळहाताने घट्ट झाकला आणि टोपणावर नजर लावली.

उन्नतीने दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली. दहाही आऱ्यांशी ती सारखाच वेळ थांबली.

दहापैकी चार.