जामीन

गाइडकाकांचा इतिहासाचा तास किल्ल्याच्या चौकात, जुन्या लाकडी खोड्यापाशी भरायचा. एकाने फळ्यांमध्ये मान आणि हात अडकवून घ्यायचे, बाकीच्यांनी ओले स्पंज मारायचे, आणि कुणी एकानेही "मी जामीन राहतो" म्हटलं की फळी उचलायची. अकरा वर्षांत एकही पोर मिनिटभराच्या वर अडकून पडलं नव्हतं. कुणी ना कुणी जिवाभावाचं धावून यायचंच.

आज हौसेने पहिली मान घातली ती सनावळीने. सगळी सालं तोंडपाठ, म्हणून वर्गाने पोरीला ठेवलेलं हे नाव. सकाळी किल्ल्याच्या दरवाज्यातच, वर्गाच्या बाईंनी सांगितलेलं साल चुकल्याचं तिने बोलून दाखवलं होतं, आणि काकांनी "पोरगी बरोबर बोलतेय" म्हणत सगळ्यांदेखत तिची पाठ थोपटली होती.

स्पंज सपासप बसू लागले. आधी ती खिदळली. मग नुसती एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली.

"अरे, कुणीतरी जामीन राहा की," काका दोनदा म्हणाले. चाळीस पोरं, पण सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरलेली. शेवटी काका बाईंकडे वळले.

"बाई, आता तुम्हीच पुढे व्हा. पोरगी कुडकुडतेय."

 

बाई लगेच पुढे झाल्या, पर्स एका मुलीकडे दिली, आणि बादलीतला सगळ्यात मोठा स्पंज उचलला.