दाव्याची खुंटी

आमच्याकडं शर्यतीची घोडी असायची. घोडं विकलं की त्याचं दावं आम्ही ठेवून घ्यायचो. नव्या मालकानं आपलं दावं घेऊन यायचं, ही घरची रीत.

यंदा थोरला ओमकार मला कायमचं अमेरिकेला न्यायला निपाणीला आला. मी हटून बसले.

"आई, तीनशे वर्षांमागं विलायतेहून आमच्या व्हर्जिनियात अस्सल जातीचं पहिलं घोडं जहाजानं आणलं. म्हातारं होतं, तरी रुजलं की! मग तू का न्हाय रुजणार?"

आमच्या व्हर्जिनियात, म्हणे!

"त्या घोड्याला विचारलं होतं का रं कुणी?"

तो पोट धरून हसला. मी न्हाय हसले.

निघायच्या दिवशी गाडी दारात उभी राहिली, तरी माझा हात चौकटीवरनं सुटंना. ओमकारनं खाली बसून माझ्या पायात नवे बूट चढवले, नाड्या आवळल्या. "लई थंडी असती तिकडं. तुझ्या चपला राहू देत हितंच."



मी चपला उचलल्या आणि गेलेल्या घोड्यांची दावी टांगलेल्या खुंटीला अडकवल्या.