गोव्यातले चार दिवस

गौराला टाकून तिचा नवरा गोव्यात एका हॉटेलवर नोकरीला राहिला होता. त्याला घेऊन यायला तिचा थोरला भाऊ वीरुपाक्ष झरी गावाहून गेला. नवऱ्यानं हसतच त्याच्या हातात चेंडू भिंतीवर टोलवायची लाकडी बॅट दिली. "आधी एक डाव होऊ द्या की, अण्णा." समुद्राचं वारं, लख्ख ऊन, भिंतीवर आपटून येणारा चेंडू; वीरुपाक्ष चार दिवस खेळतच राहिला. गौराचा विषय काढायचं राहूनच गेलं.

घरी त्याच्या उन्हानं भाजलेल्या मानेला गौरा लोणी लावायला बसली.

"माझ्यापायी लय उन्हात हिंडलास, अण्णा. भेटले का ते?"

"न्हाई." त्याला वर बघवेना.

गौरा लोणी चोळत राहिली.

"आसू दे. तू तरी वापस आलास."