पाय हलवू नको!

आमच्या शाळेच्या ऑर्केस्ट्रात ड्रमवर एकच जागा होती आणि ती मलाच मिळणार, असं मी वर्गभर सांगून टाकलं होतं. अडायचं फक्त हाय-हॅटवर. एकावर एक बसवलेल्या त्या दोन झांजा डाव्या पायाने पेडल दाबून मिटवायच्या असतात, तेही ठेक्यात. "घरी बसल्या बसल्या पाय चालव, नाही तर गॅदरिंगले ताराचंदले बसवतो," ऑर्केस्ट्रा बसवणारे धकाते सर म्हणाले.

घरी? घरी काटोलची जयवंता आत्या मुक्कामाला! रेडिओ लागला अन् माझा पाय हलला, की गुडघ्यावर चापट बसलीच. "पाय काहून हलवून राहिली वं? बसल्या जागी पाय हलवला का घरातली लक्ष्मी जाते!" जेवताना तेच, अभ्यासाला बसले तरी तेच. मग मी टाच जमिनीला चिकटवून, गुडघा जराही न हलवता, परकराखाली नुसता चवडा दाबत बसायचे. रडू यायचं. असा कुठे सराव होतो का हो?

निवडीच्या दिवशी ताराचंदने अख्खा पाय उचलून पेडल असं दणकावलं, की स्टँडसुद्धा हललं. मी रडवेली होऊन बसले अन् घरच्यासारखाच चवडा दाबत वाजवलं. सर उठूनच उभे राहिले. "पाह्य बे ताराचंद! टाच खाली, गुडघा गप्प, अन् आवाज कसा साफ! हेच तुले कवापासून सांगून राहिलो मी. कोणत्या उस्तादाकडे शिकली वं तू?"



मी दात-ओठ खाऊन आत्याचं नाव सांगितलं.