दुसरा ब्रेक

"आरसा," मास्तर म्हणाले.

बायकोने आरशात पाहिलं.

"आता काय उपयोग? मी सांगितल्यावर पाहिलंस."

गाडी मास्तरांच्या ड्रायव्हिंग स्कूलचीच होती. दारावर 'महिलांसाठी खास बॅच' असं ठळक रंगवलेलं, आणि शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा क्लच, वेगळा ब्रेक. सुट्टीवर निघताना टपावरचा फलक तेवढा काढून ठेवला होता. बाकी सगळं स्कूल सोबत आलं होतं.

हा रस्ता पाहायला लोक कुठून कुठून येतात. एका बाजूला उभा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली थेट समुद्र. वळणावळणावर कुणी ना कुणी गाडी थांबवून फोटो काढत होतं. बायकोला मात्र मधला पांढरा पट्टा सोडून काही दिसत नव्हतं. समुद्र डावीकडे, मास्तरांच्या पलीकडे होता, आणि तिकडे मान वळवायची तिची छाती नव्हती.

सकाळी हॉटेलात नाश्ता करताना, वेटरच्या देखत, मास्तरांनी पैज लावली होती. दीपगृहापर्यंत मला ब्रेक लावावा लागला नाही, तर दर रविवारी गाडी घेऊन खुशाल आईकडे जा. लावावा लागला, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. स्कूलमध्येही हाच नियम होता. मास्तरांचा पाय ब्रेकवर पडला की शिकणारा नापास.

तिची आई अंथरुणाला खिळली होती. बसने जायचं तर दोनदा बस बदलावी लागे, आणि पोचून आईजवळ टेकते न टेकते तोच परतीची वेळ होई. बायकोकडे लायसन्स होतं, पण लग्नानंतर ते कपाटातून बाहेर आलं नव्हतं. घरात एक ड्रायव्हर आहे तो पुरे, असं मास्तर म्हणत. त्या ड्रायव्हरला सासुरवाडीचा रस्ता तेवढा सापडत नसे.

मागच्या सीटवर लेक फोनमध्ये डोकं घालून बसली होती. तिला लायसन्स मिळाल्यापासून रविवारची गाडी तिची आणि तिच्या मैत्रिणींची असे.

"गिअर उतरव. चढ दिसत नाही? आणि क्लचवर असा पाय मारू नकोस, शिलाई मशीन नाही ते."

तिने गिअर उतरवला. पुढच्या वळणावर एक टुरिस्ट बस पट्टा ओलांडून अंगावर आली. मास्तरांचा पाय वर झाला. बायकोने वेग कमी केला, गाडी शांतपणे कडेला घेतली, बस जाऊ दिली. मास्तरांचा पाय टेकला नाही. तिने तो डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिला होता. मास्तर काहीच बोलले नाहीत. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी तिला आजवर मिळाली नव्हती.

दीपगृह आलं. समोर गाड्या लावायची मोकळी जागा, तिच्या टोकाला बुटकी दगडी भिंत आणि पलीकडे समुद्र. तिने न सांगता आरसा पाहिला, सिग्नल दिला आणि गाडी हळूहळू भिंतीकडे नेली. मनातल्या मनात ती येत्या रविवारी आईच्या उशाशी जाऊन बसलीसुद्धा. तिला इतका आनंद झाला की तो लपवणं जमेना. ब्रेकवर ठेवलेला पाय ती दाबतच होती, एवढ्यात गाडी गचका खाऊन थांबली.

"लागला," मास्तर म्हणाले.

"अहो, मी थांबवतच होते! माझा पाय ब्रेकवरच होता."

"मग मी काय हौसेने दाबला?"

"भिंत केवढी लांब आहे, बघा तरी."

"मला शिकवू नकोस. जन्म गेला माझा त्यात." मास्तर मागे वळले. "हिलाच विचारू या. काय गं, लावावा लागला की नाही?"

लेकीने फोनवरून मान वर केली. भिंत पाहिली. मध्ये आणखी एक गाडी आडवी लावता आली असती. मग तिची नजर आरशात गेली. आई आरशातून तिच्याकडेच बघत होती.

"लागला ना, आई," लेक म्हणाली. "मी बघितलं." आणि तिने पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं.

मास्तर खुशीत खाली उतरले. भिंतीपाशी जाऊन त्यांनी हाक मारली, "अगं ये ना! एवढं पेट्रोल जाळून आलोय, समुद्र तरी बघ."

तिने जाऊन पाहिला. पाणी होतं.

परतताना लेक चालवायला बसली. मास्तरांनी बूट काढले, सीटवर मांडी ठोकली आणि डुलक्या घ्यायला सुरुवात केली. बायको मागे बसली. आता समुद्र तिच्याच खिडकीत होता, पण ती मास्तरांच्या मांडीकडे बघत राहिली. खाली दोन्ही पेडल मोकळी होती.

हॉटेलच्या फाटकातून आत वळताना लेकीने गाण्याचा आवाज वाढवायला एक हात सोडला. गाडीची डावी बाजू खांबाला घासत कर्रकन गेली. मास्तर दचकून जागे झाले. गाडी खांबापासून सुटल्यावर ते अनवाणीच खाली उतरले, पुढच्या चाकापासून मागच्यापर्यंत गेलेल्या ओरखड्यावरून त्यांनी बोट फिरवलं. लेक रडवेली होऊन स्टिअरिंग धरून बसली होती.

मास्तर हसले. खिडकीतून हात घालून त्यांनी लेकीच्या डोक्यावर टपली मारली.

"अगं, होतं असं. गाडी हातात असली की ओरखडा पडायचाच. घाबरायचं नाही. चालवता चालवताच हात बसतो."

मग ते मागच्या खिडकीशी आले.

"तू काय बघत बसलीस? जा, ओलं फडकं आण."