आजोबांची तोंडी परीक्षा

"हॉर्टिकल्चर म्हणजे काय आणि हा शब्द कुठून आला?" मास्तरांनी सकाळपासून सतराव्यांदा विचारलं.

तुरुंगातल्या बागकामाच्या वर्गाची तोंडी परीक्षा अवजारांच्या खोलीत चालली होती. आधीच्या सोळा कैद्यांनी एकच उत्तर पोपटासारखं म्हणून दाखवलं होतं आणि मास्तर ऐकून ऐकून पार विटले होते. सतरावे होते आजोबा. सगळे त्यांना आजोबाच म्हणत. बावीस वर्षं आत, त्यातली अकरा बागेत. त्यांनी बांधलेलं कलम सहसा फुकट जात नसे. सोळाजणांकडून हे उत्तर घोकून घेतलं होतं, तेही त्यांनीच.

आजोबांनी खिडकीतून बागेकडे पाहिलं.

"दमलोय हो मी, आजोबा. सांगा आणि मोकळे व्हा."

"येत नाही," आजोबा म्हणाले.

पुढचे चार प्रश्नही त्यांना येईनात. रोपाला पाणी कधी घालावं हेसुद्धा म्हणे ठाऊक नव्हतं. अकरा वर्षं झाडांना पाणी घालणारा माणूस असं बोलतो, तेव्हा त्यानं वेड पांघरलेलं असतं, दुसरं काय! मास्तरांनी पेन खाली ठेवलं आणि खरं काय ते विचारलं.

बरेच आढेवेढे घेऊन आजोबांनी सांगितलं. नापास झालं तर पुढच्या वर्षी पुन्हा बसावं लागत असेल ना? शिक्षण अर्धवट सोडून कुणाला बाहेर काढत नसतील.

मास्तरांना हसू यायला हवं होतं. आलं नाही. परीक्षेचा आणि सुटकेचा काही संबंध नाही, त्यांनी समजावलं. पास व्हा नाहीतर नापास, सोमवारी शिक्षा संपतेय, तुम्हाला सोडणारच. पण पुतण्या न्यायला येणार होता ना? पुतण्याचं पत्र आलं होतं, आजोबांनी सांगितलं. घर लहान आहे, काका, तुमची सोय दुसरीकडे झाली तर बरं, असं त्यानं लिहिलं होतं.

आजोबा नखांतली माती कोरत बसले. मग थकल्या आवाजात म्हणाले, "लॅटिनवरून आलाय, मास्तर. हॉर्टस म्हणजे कुंपण घातलेली जागा, बाग. कुल्तुरा म्हणजे मशागत. कुंपणाच्या आत जे आहे, त्याची निगा राखायची."

"अगदी बरोबर." मास्तरांनी पूर्ण गुण लिहिले.

"आता तुम्ही सांगा," आजोबा म्हणाले. "कुंपणाबाहेर जे असतं, त्याची निगा कोण राखतं?"